लवकर बरी हो

“बाबा, माझं ऑपरेशन नक्की कशाचं झालं?” अपेंडिक्सचं की टॉन्सिल्सचं, यावर मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी दारातूनच विचारलं. हातातला ‘लवकर बरी हो’ लिहिलेला पुष्पगुच्छ मैत्रिणीच्या आईने पाठवला होता. त्या काकूंना ऑफिससाठी खुर्च्या हव्या होत्या, पण ठरत नव्हतं. म्हणून खुर्च्या विकणाऱ्या बाबांनी त्यांना पुन्हा मेल केला: “मुलीचं ऑपरेशन झालंय, हॉस्पिटलातूनच लिहितोय. खुर्च्यांचं काय ठरलं?” तेव्हा मी मैदानावर शर्यत जिंकत होते! बाबा ओशाळले. “अगं, साध्या मेलला कोण उत्तर देतं?” मी आशेने आईकडे वळले. “आधी आजीला आजारी पाडायचो,” ती पुटपुटली, “पण कुणाला दयाच येईना.” म्हणजे हीसुद्धा सामील! पुष्पगुच्छ टेबलावर आपटून मी जाहीर केलं, “यापुढे तुमचे मेल मीच लिहिणार. पहिली ओळ ऐका: मुलगी ठणठणीत आहे आणि खुर्च्याही.”