लोळा नसलेली घंटा

दिवसभर जुन्या वस्तूंच्या नोंदी करून संघमित्रा पार थकली होती. शेवटची वस्तू ती काम करत असलेल्या व्हर्जिनियातल्या म्युझियममध्ये आजच आली होती: कॅरिबियन बेटावरच्या ऊसमळ्यातली घंटा. हिच्या टोलावर गुलाम उसात उतरायचे. घंटेवर आपटून टोल देणारा आतला लोळा केव्हाच निखळून गेला होता.

तरी टोल पडला.

"अपर्णाताई, ऐकलंत?"

शेजारच्या टेबलावरून अपर्णाने मान हलवली. "काही नाही गं. ब्रेक घे जरा, किती दमलीयेस!"

दुसरा टोल पडला. संघमित्राची पाठ आपसूक वाकली, बीडच्या फडात ऊस तोडताना आईची वाकायची तशी. तिला सरळ होता येईना.

तिसऱ्या टोलाला अपर्णा बोलता बोलता थांबली, उठली आणि वाकूनच दाराकडे निघाली. बाहेर कॉरिडॉरमध्ये एकेक दार उघडत होतं.