मुकी गाडी

नवलनं विजेवरची गाडी घेतली तेव्हा गल्लीतली ती चौथी होती. पण दोन महिन्यांत तिचा मागे घेताना वाजणारा भोंगा आणि मागचा कॅमेरा, दोन्ही बंद पडले. धुळ्याचा मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, भाग बाहेरच्या देशातून येतो. आयातकर वाढल्यापासून मालच येईना. थांबा थोडं."

नवलचे वडील आबा काही थांबले नाहीत. विकलेल्या बैलांची घुंगुरमाळ त्यांनी माळ्यावरून काढली आणि गाडीच्या मागे बांधून टाकली. "गाडी मुकी शे बेटा," ते सुनेला, हेमलताला, म्हणाले, "अन् अंगनमा आपली रुपली खेळस."

आज जळगावला लग्नाला निघताना मात्र हेमलताला लाज वाटली. "लोक विचारतील, बैलगाडीनं आलात का?"

"सोड मग ती माळ," स्टीअरिंगवर बसलेला नवल हसला.

तिनं माळ सोडून ओट्यावर खेळणाऱ्या लेकीशेजारी, रुपलीशेजारी ठेवली आणि दुधाची बाटली आणायला आत गेली. बाहेर आली तर नवल गाडी मागे घेत होता. गाडीचा जराही आवाज नव्हता, आणि ओट्यावर अडीच वर्षांची रुपली नव्हती. हातातली बाटली टाकून हेमलता गाडीकडे धावली.

तेवढ्यात गाडीमागे घुंगरं खुळखुळली. माळ तर सोडली, मग वाजतंय काय, म्हणून नवलनं करकचून ब्रेक दाबला.



मागच्या चाकापासून हातभर अंतरावर रुपली उभी होती, बैलांची माळ स्वतःच्या गळ्यात घालून.