तिसऱ्या अंकातलं बोट

लालासाहेबांनी उजवा हात खांद्याइतका वर नेला, बोट ताणलं आणि दाराकडं दाखवलं. हनुवटी थरथरत होती. डोळ्यांत रक्त उतरलं होतं.

अल्फियानं कानावरचे हेडफोन काढले.

"नाना, केलं का तुमी?"

"केलं की!" लालासाहेब बोट तसंच धरून म्हणाले.

"मला काहीच ऐकू आलं नाही."

"बोट हाय ते, पोरी. वाजतंय व्हय?"

कडेगावात सरफराजच्या गादीच्या दुकानात हे चाललं होतं. अल्फिया त्याची धाकटी बहीण. सांगलीतल्या एका छोट्या रेडिओ केंद्रासाठी ती गावोगावची जुनी नाटकं श्रुतिका म्हणून बसवत होती. दुकानात चारी बाजूंना कापसाचे गठ्ठे, आवाज अजिबात घुमत नाही, म्हणून रेकॉर्डिंग तिथंच. कापूस पिंजायचं यंत्र बंद, पंखाही बंद. सगळे घामानं निथळत होते.

नाटक जत्रेतलं, 'रणातून परत'. तिसऱ्या अंकात लढाईतून पळून आलेला मुलगा दारात येऊन उभा राहतो. सुभेदार बाप एक शब्द बोलत नाही, नुसतं बोट दाखवतो. मुलगा निघून जातो आणि चौथ्या अंकात वेशीबाहेर मरतो. मिशी चिकटवावी लागायची तेव्हापासून ती पांढरी होईपर्यंत लालासाहेबांनी हा बाप केला होता. त्या बोटाला हमखास टाळी पडायची. लोक त्यांना लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते बोट करून दाखवायला लावत. आता गुडघे गेले होते, स्टेजवर उभं राहवत नव्हतं. रेडिओला बसून काम करता येतं म्हणूनच ते हो म्हणाले होते.

अल्फियानं वाक्य लिहून आणलं होतं, 'चालता हो माझ्या घरातून!'

"ह्ये मी म्हणणार न्हाई," लालासाहेब म्हणाले. "बाप बोलला की संपलं. त्यो मग बाप न्हाई, नुसता भांडखोर."

मुलाचं काम सरफराजकडं होतं. तो म्हणाला, "मग मीच म्हणतो की नाना. 'बाबा, मला असं बोट का दाखवताय?'"

"का दाखवताय? आंधळा हाईस का? दार दाखवतोय तुला!"

मग काठी आपटून बघितली. कुणी उंदीर मारतंय असं वाटलं. नुसता घसा खाकरून बघितला. अल्फिया म्हणाली, सुभेदाराला दमा झाल्यासारखं वाटतंय.

लालासाहेबांनी खांद्यावर टॉवेल टाकला. "काढून टाका मला. कुणीतरी बोलका बाप बघा." आणि सगळ्यांकडं पाठ करून ते गठ्ठ्यावर जाऊन बसले.

शालूबाई, त्यांची बायको, कोपऱ्यात बसली होती. घरची जुनी गादी पिंजून घ्यायची म्हणून ती सोबत आली होती. ती म्हणाली, "ह्यांचा राग ऐकू येत न्हाई म्हंता? मला तर सैपाकघरात ऐकू येतोय."

"कसा, काकी?"

"च्या पिताना फुर्र फुर्र चाललेलं असतंय. ते थांबतंय. मग बशी खाली ठेवत्यात. हळू. लय हळू. तवा समजायचं."

"काय बी सांगू नगंस," लालासाहेब पाठमोरेच म्हणाले.

पण तोवर अल्फियानं समोरच्या टपरीवरून चहा मागवला होता. बशी माईकजवळच्या फळीवर ठेवली. लालासाहेब बशीकडं बघत उठले आणि माईकपुढं येऊन बसले.

रेकॉर्डिंग सुरू झालं. लालासाहेब बशीनं चहा पीत होते. फुर्र. फुर्र.

"बाबा," सरफराज दुकानाच्या दारातून म्हणाला, "मी आलोय."

फुरका अर्ध्यावर थांबला. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. मग बशी फळीला टेकली, अगदी अलगद. अल्फियाच्या हातावर काटा आला. सरफराजनं तर खरंच मान खाली घातली.

आणि त्या शांततेत कोपऱ्यातून आवाज आला, "असू द्या आता. लेकरू हाय. ये रं बाळा, आत ये."

सरफराज मुकाट्यानं आत येऊन बसला.

"अगं!" लालासाहेब ओरडले. "तुझा काय संबंध? ह्या नाटकात आई न्हाईच! ती पैल्या अंकाच्या आधीच मेलीया!"

शालूबाईनं ओशाळून पदर तोंडाला लावला. "मला कुठं ध्यान राहिलं. बशी ठिवल्याली ऐकली आन् तोंडातनं निघालं. रोजचंच हाय ते माझं."

"पुन्यांदा घ्या," लालासाहेबांनी हुकूम सोडला.

अल्फियानं घेतलं नाही. तिनं हेडफोन काढून त्यांच्या कानांवर चढवले आणि आत्ताचं लावलं. लालासाहेब ऐकत राहिले.

"ह्यो मी?"

"तुमीच."

"इतका वंगाळ वाटतोय व्हय मी?"

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी शेवटपर्यंत ऐकलं, शालूबाईच्या आवाजापर्यंत. हेडफोन काढून ते तिच्याकडं बघत राहिले. मग अल्फियाकडं वळले. आवाज खाली आला होता.

"ऱ्हाऊ द्या हेच. पर पोरगं आता घरात आलं. मग चौथ्या अंकात मरायचं कुणी?"

अल्फियानं माईक बंद केला. सरफराजनं पंखा लावला.

"जेवू द्या की त्याला चौथ्या अंकात," शालूबाई म्हणाली आणि आपली गादी उसवायला लागली.