तपासणी

पांडेसरातल्या डाइंग मिलमध्ये मुकादमाने सुगंधावर जबरदस्ती केली, त्याला दोन महिने झाले होते. पाळी चुकली तेव्हा तिने फक्त शेजारच्या काशीबाईला सांगितलं. काशीबाईने तिला हाताला धरून दवाखान्यात आणलं आणि दाराशी म्हणाली, "घाबरू नको माय, मी आठेच बठेल शे," आणि तिथल्याच बाकावर टेकली.

आत गुजराती डॉक्टरीणबाई होत्या. सुगंधाने कसंबसं विचारलं, "पिशवी साफ करायला सही कोणाची लागते?"

"तुमचीच, बहेन. दुसऱ्या कोणाची नाही," त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या. "पण आधी तपासावं लागेल. दुखलं, भीती वाटली, तर नुसतं थांबा म्हणा."

सुगंधा टेबलावर आडवी झाली. बाईंचा हात पोटाला लागला मात्र, तिच्या तोंडून निघून गेलं, "थांबा."

हात तिथल्या तिथे उचलला गेला. बाई मागे सरून स्टुलावर बसल्या. बाहेर पंधरावीस बायका खोळंबल्या होत्या, तरी त्यांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने सुगंधाच म्हणाली, "बघा आता."

तपासणी पुन्हा सुरू झाली. या खेपेला दुखत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती, तरीही ती हळूच म्हणाली, "थांबा."

हात पुन्हा लगेच उचलला गेला.

मुकादमाला हाच शब्द तिने रडरडून सांगितला होता.