मुठीचं माप

"मूठ घामानं सटकते," म्हणत महेशनं रिव्हॉल्व्हर चिमाजीच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ठेवलं.

चिमाजीनं आधी आत गोळ्या नाहीत ना ते पाहिलं. तात्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं ते, महेशच्या वडिलांचं. इतकं हलकं की पिशवीत टाकलं तर विसरून जाल! तात्यांनी जन्मभर ते फक्त दसऱ्याला पुजलं. मुठीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या गुळगुळीत झाल्या होत्या, खाचेत कुंकू साचलं होतं.

"किती वेळा झाडलंस?"

"एकदाही नाही."

"मग सटकते हे कसं कळलं रे तुला?"

मागे त्याची बायको प्रतिभा उभी होती.

महेश ते हातात का धरत होता, हे चिमाजीला माहीत होतं. म्हणजे अख्ख्या नाशिकला माहीत होतं ते. दिवाळीआधी यांची मुलगी योगिनी क्लासहून येत होती आणि एकानं तिच्या अंगावर गाडी घातली. मुद्दाम. ती वाचली नाही. ती त्याला 'नाही' म्हणाली होती, बस, एवढंच.

"काल जामीन झाला त्याला," महेश म्हणाला. "गंगापूर रोडनं मिरवत आणलं, काका. उघडी जीप, डीजे, फटाके. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून नाचले."

"हलकं हत्यार फार झटका देतं, महेश. नेम भलतीकडे जातो. आजूबाजूला लोकांची पोरं असतात."

"म्हणूनच आलोय ना!"

"याला तयार मूठ मिळत नाही. लाकडात करावी लागेल. वेळ लागेल."

"घ्या माप."

चिमाजीनं नाइलाजानं स्क्रू काढला, पट्ट्या उतरवल्या आणि उघड्या सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी ओली शाडू थापली. "धर. दाब. सोड."

महेशनं धरलं. हात असा थरथरला की बोटांचे नुसते फराटे उठले. चिमाजीनं शाडू सारखी केली. पुन्हा फराटे. मग महेशनं डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं, दात खाल्ले. तरी तेच. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

चिमाजीला चक्क सुटल्यासारखं वाटलं. "असं माप घेता येत नाही रे. राहू दे. प्रतिभा, घरी ने याला."

प्रतिभा पुढे आली.

"काका, त्याच्या गळ्यातला हार बघितला का तुम्ही? मिरवणुकीच्या व्हिडिओत?"

"नाही."

"झेंडूचा, गुडघ्यापर्यंत लांब. ऑर्डर आपल्याच फुलांच्या दुकानात आली होती. कुणासाठी ते मी विचारलंच नाही. मीच ओवला. मध्ये गुलाबाचा गोंडा लावला, उठून दिसावा म्हणून."

महेशनं झटकन तिच्याकडे पाहिलं. हे त्याला ती आत्ता सांगत होती.

"प्रतिभा, चल."

ती हलली नाही. तिनं फराटे अंगठ्यानं पुसले, शाडू नीट सारखी केली आणि रिव्हॉल्व्हर उचललं. दाबलं. जराशी थांबली. सोडलं. आणि चिमाजीपुढे ठेवलं.

तीन बोटं आणि अंगठा, अगदी स्वच्छ. मधल्या बोटावर सुई ढकलून ढकलून पडलेला घट्टासुद्धा शाडूत उमटला होता.