तीन लिंबं

शेठनं हौसेनं गाडीला दणदणीत सायलेन्सर बसवला, तेव्हापासून डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा सारखा लागायचा. स्कॅनर सांगत होता, इंजिनात कुठूनतरी जादा हवा शिरतेय.

चालू इंजिनावर मी उदबत्ती फिरवली. एका रबरी पाइपापाशी धूर आत ओढला गेला. तिथं हात घातला, तर बोटं सडक्या लिंबात रुतली. एक नाही, तीन! त्यांच्या तारेनंच पाइप चिरला होता.

“ही घाण कुणी बांधली?”

“मीच. बाहेर टांगलं तर गाडीचा लूक जातो, मिस्त्री. पहिलं लिंबू सायलेन्सर बसवल्यावर बांधलं. मग दिवा लागला की एक वाढवतो.”

मी पाइप बदलला. दिवा विझला. बोटांचा वास मात्र रॉकेलनंही जाईना.

“बघा, उतरली नजर!” म्हणत शेठनं खिशातून चौथं लिंबू काढलं. नव्या तारेसकट.