तिसरा दिवस

अंदमानच्या सहलीचं पत्रक सर वर्गात वाचत होते. “दुसऱ्या दिवशी काचेच्या तळाच्या होडीतून मासे बघायचे. तिसऱ्या दिवशी बसच्या काचेतून आदिवासी बघायचे.” “केळी फेकायची का, सर?” मागून सुमित ओरडला. वर्ग खदखदून हसला; सरही हसले. सहल ठरल्यापासून वर्षभर ती होडी पुढच्या बाकावरच्या जयवंतीच्या स्वप्नात तरंगत होती. तरी ती उठली. “सर, रविवारी सिल्वासा बघायला आलेले लोक आमच्या पाड्यावर गाड्या थांबवून माझ्या आजीला असंच बघतात. मीसुद्धा आदिवासीच. फेक केळी, सुमित.” हसू विरलं. “खाली बस, नाहीतर यादीतून नाव कापीन!” सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. जयवंतीने पुढे जाऊन त्यांच्या हातातलं पेन घेतलं, पत्रकातल्या तिसऱ्या दिवसावर आडवी रेघ मारली. पेन परत देत ती म्हणाली, “घ्या सर, आता कापा.”